बाराव्या गाडीच्या इंजिनाची व्यवस्था

मी, यशोदाबाई ज्ञानेश्वर बोरसे, वय वर्षे अडुसष्ट, धंदा पिठाची गिरणी, राहणार मौजे पिंपळसोंड, तालुका धरणगाव, जिल्हा जळगाव, आज आपल्या राहत्या घराच्या ओट्यावर बसून, चहा पिऊन, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. गिरणीच्या आवाजाने कान थोडे गेले आहेत, पण जे ऐकू येऊ नये ते अजून नीट ऐकू येतं. बिघाड आहे तो फक्त दोन गुडघ्यांत, आणि ते दोन्ही येत्या मंगळवारी जळगावच्या दवाखान्यात बदलायचे आहेत.

डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही. पण त्यांनी ज्या कागदावर माझी सही घेतली, त्यात लिहिलं होतं की भुलीत काही बरं-वाईट झालं तर जबाबदारी माझी. म्हणजे मेल्यावरसुद्धा जबाबदारी माझीच. बायकांच्या बाबतीत यात नवीन काही नाही. तेव्हा ती आधीच पार पाडून ठेवते.

खरं सांगायचं तर घर आणि गिरणी यांच्यासाठी मी एवढा कागद खर्च केला नसता. माझी मुलं भांडखोर नाहीत. भांडण होणार आहे ते एकाच वस्तूवरून. ती म्हणजे मागच्या पडवीत उभी असलेली लाल, उघड्या टपाची, दोन सिटांची विलायती गाडी, जिला इंजिन नाही. ही गाडी कायद्याने माझी आहे. तिच्यात कोणतं इंजिन बसवायचं हे माझे यजमान ज्ञानेश्वर, ज्यांना सगळं गाव नाना म्हणतं, ते तरुण होते तेव्हापासून ठरवत आहेत. डॉक्टरांनी माझ्यासमोर टेबलावर तीन कंपन्यांचे गुडघे मांडले. मी मधला उचलला, वाकवून पाहिला आणि म्हटलं, हा द्या. बाहेर आल्यावर यजमान मला विचारू लागले की एवढ्या लवकर कसं काय ठरवलंस. इंजिन ठरवता ठरवता जो माणूस नोकरीतून निवृत्त झाला, त्याला नवल वाटणारच.

असो. एकेक कलम घेते.

कलम पहिले : घर

राहतं घर यजमानांच्या आणि माझ्या नावावर निम्मं निम्मं आहे. माझा निम्मा हिस्सा त्यांना. त्यांच्यानंतर मुलगा ललित आणि मुलगी दिपमाला यांना समान. निम्मं म्हणजे कोणतं निम्मं, असा प्रश्न काढू नये. मोरी दोघांची आहे. ओटा पाडून तिथे मोटार लावायला जागा करावी असं ललितच्या मनात आहे. त्याने तसं केल्यास मी त्याच्या स्वप्नात येईन, आणि नव्या गुडघ्यांनिशी येईन, म्हणजे भरभर येईन.

कलम दुसरे : गिरणी

गिरणी, तिची मोटर, पट्टा, दोन्ही दगड आणि दगडांना टाकी लावायची छिन्नी-हातोडी हे सगळं दिपमालाला. ती बोदवडला दिलेली असली तरी तिचा जीव या गिरणीत आहे. लहानपणी ती पिठाच्या डब्यामागे बसून अभ्यास करायची आणि शाळेत पांढऱ्या वेण्या घेऊन जायची. ललितला गिरणी का नाही, तर मागच्या दिवाळीला त्याने पुण्याहून फोन करून विचारलं होतं की आई, कळण्याचं पीठ ऑनलाइन मिळतं, मागवू का. ज्याची आई गिरणीवाली, त्याने ज्वारी-उडदाचं पीठ मोबाइलवरून मागवावं, यावर मी त्याला तेव्हा काही बोलले नाही. आता बोलले.

गिरणीला एक अट आहे. मिरची दळल्यावर दगड साफ केल्याशिवाय कोणाचेही गहू टाकायचे नाहीत. टाकायचेच झाले तर झुलालभाऊंचे टाकावेत. कारण पुढे येईल.

कलम तिसरे : वजनकाटा

वजनकाटा शेजारच्या कुंदाबाईंना. दळण घरी नेलं की दर वेळी पीठ कमी भरलं असं त्या सगळ्या गल्लीला सांगतात. आता काटाच त्यांच्या घरी राहील. वास्तविक कुंदाबाई या मृत्युपत्राला साक्षीदार होणार होत्या. पण मेडिकलवाल्या पारसने सांगितलं की ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे कज्जा निघतो. कुंदाबाईंनी थोडा वेळ विचार केला आणि काटा घेतला. सही काय, कोणीही करेल, असं त्या म्हणाल्या.

कलम चौथे : गाडी

ही गाडी आमच्याकडे कशी आली ते आधी लिहिते, म्हणजे पुढे कोणी तिला वडिलोपार्जित म्हणायला नको.

यजमान वीज मंडळात वायरमन होते. लग्नानंतर थोड्याच वर्षांनी ते धरणगावला महावीरशेठच्या जिनिंगमध्ये तार जोडायला गेले. तिथे सरकीच्या ढिगाखाली त्यांना एक लाल कोपरा दिसला. सरकी उपसली तर खाली ही गाडी. शेठच्या वडिलांनी ती हौसेने विलायतेहून आणवली होती. पुढे बहात्तरच्या दुष्काळात शेतावर पाणी ओढायला काही नव्हतं, तेव्हा त्यांनी गाडीचं इंजिन काढून विहिरीवर बसवलं. मारवाडी माणूस, वस्तू पडून राहू देणार नाही. त्या इंजिनाने रॉकेलवर केळीचा बाग जगवला आणि एका पावसाळ्यात काठ खचून ते विहिरीत गेलं. ते अजून तिथेच आहे. गाडीचं धूड मात्र शेठनी आम्हाला, घेऊन जाता तर घेऊन जा, म्हणून देऊन टाकलं.

यजमानांना भीती, की आपल्या नावावर गाडी दिसली तर खात्यात चौकशी लागेल की वायरमनकडे विलायती मोटार कुठून आली. म्हणून गाडी माझ्या नावावर झाली. बैलांनी ओढत ती घरी आणली त्या दिवशी यजमान मला म्हणाले की हिला इंजिन बसवतो आणि तुला उघड्या गाडीतून, लळिंगच्या चढावरून, वारा खात माहेरी नेतो. माझं माहेर धुळ्याच्या पुढे, लळिंग ओलांडल्यावर आहे. माझी थोरली वहिनी तेव्हा जिवंत होती. मला वायरमनला दिली म्हणून ती हसली होती. त्या वहिनीच्या दारात लाल गाडीतून उतरायचं, एवढं एकच मागणं मी या संसाराकडे मागितलं. बाकी जे मिळालं ते न मागता मिळालं, त्यात हे गुडघेही आले.

आता इंजिनांची हकीकत.

धुळ्याला आग्रा रोडला पुना मिस्त्रींचं गॅरेज आहे. गाडीचं माप त्यांच्याकडे आहे. पहिलं इंजिन त्यांनी मारुती व्हॅनचं दाखवलं. हलकं, सुटे भाग कुठेही मिळणारं. यजमानांनी ते चालू करायला लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, हा आवाज शिलाई मशीनचा आहे. मग जावयांनी बोदवडहून जीपचं डिझेल इंजिन टेम्पोत घालून आणलं. ते आत ठेवल्याबरोबर गाडीने नाक जमिनीला टेकवलं आणि मागची चाकं वर उचलली. जावई म्हणाले मागे दोन गोण्या कापूस टाकला की समतोल होईल. जावई असल्यामुळे त्यांना कोणी काही बोललं नाही. जेवायला पुरणाची पोळी केली.

मग जिप्सीचं आलं. ते बसत होतं, पण पुना मिस्त्रींच्या मापाने गिअरचा दांडा सिटांच्या पाठीमागे निघत होता. म्हणजे गिअर टाकायला मागे एक माणूस बसवावा लागला असता, आणि गाडीला मागे बसायला जागा नाही. ललितने सुचवलं की बॅटरी आणि विजेची मोटर घालू, आवाज नाही, धूर नाही. यजमान त्याला म्हणाले की मी जन्मभर वीज सांभाळली आहे, तिचा भरवसा मला सांगू नकोस.

शेवटी पुना मिस्त्रींनी अँबेसिडरचं इंजिन काढलं. त्यांचं म्हणणं, आपली ही गाडी आणि अँबेसिडर या दोघींची इंजिनं मुळात एकाच विलायती घराण्यातली. भोकं भोकांना जुळतात, काही कापायला नको, ठोकायला नको. मला ते ऐकताक्षणी पटलं. गिरणीचे दोन दगड एका खाणीतले असले की पीठ मऊ पडतं. वेगवेगळे असले की तुम्ही कितीही टाकी लावा, कणी राहतेच. मी म्हटलं, हेच घ्या. यजमान म्हणाले, पितृपक्ष आहे. पितृपक्ष संपल्यावर म्हणाले, हे टॅक्सीचं इंजिन, आजवर कोणाकोणाला घेऊन फिरलं असेल कोण जाणे. जसं काही त्याला सून म्हणून घरात घ्यायचं होतं. तेव्हापासून ते इंजिन पुना मिस्त्रींच्या गॅरेजात गोणपाट पांघरून बसलं आहे आणि त्यांची मंडळी उन्हाळ्यात त्यावर ताट ठेवून कुरडया वाळवते.

आता झुलालभाऊंकडे वळते. झुलालभाऊ आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. आमच्या गाडीला इंजिन बसावं म्हणून यजमानांपेक्षा जास्त धडपड कोणी केली असेल तर त्यांनी. एकदा स्वतःच्या जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन फुकट देतो म्हणाले. दर दसऱ्याला आपट्याची पानं देताना विचारायचे, वहिनी, यंदा माहेरी जाणार ना गाडीतून. मी मनात म्हणायची, काय भला माणूस. सख्ख्या भावाला नाही एवढी माझ्या माहेराची काळजी या शेजाऱ्याला. त्या काळात मी त्यांच्या दळणावर दोन मुठी पीठ जास्तच टाकत होते. ते सगळं मी या कलमाने मनातून परत घेत आहे.

झालं असं, की या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी लोटनआबा गिरणीवर दळण घेऊन आले. लोटनआबा आमच्या गावचे भगत. आखाजीला आमच्याकडे बारागाड्या ओढतात. बैल न जुंपता बारा बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, त्यांवर माणसं बसवायची आणि भगताने कमरेला दोर बांधून देवाच्या नावाने त्या सगळ्या ओढत न्यायच्या. एका वर्षी ऐन वेळी बाराव्या गाडीचा कणा मोडला. अंगात आलेले लोटनआबा ओरडले, गाडी आणा, गाडी. पोरं धावली आणि आमच्या पडवीतून ही लाल गाडी ढकलत घेऊन आली. देवाने गाडी मागितली होती, आणि गावात हिलाही गाडीच म्हणतात. देवाने कोणती ते सांगितलं नव्हतं. त्या वर्षी बारागाड्या अशा सुसाट गेल्या की लोक अजून सांगतात. तेव्हापासून बाराव्या गाडीचा मान आमचा झाला आणि झुलालभाऊंची गाडी, जी आधी बारावी असायची, ती अकरावी झाली. दर आखाजीला आमच्या गाडीला हार घालतात, बायका तिच्या दिव्यांना हळदकुंकू लावतात आणि यजमान फेटा बांधून तिच्या चाकाजवळ उभे राहतात.

तर लोटनआबा दळण घेऊन आले, आणि मी सहज म्हटलं की आबा, पुढच्या वर्षीपर्यंत आमच्या गाडीला इंजिन बसलेलं असेल. आबांनी हातातला रिकामा डबा खाली ठेवला.

"मंग ती बारागाड्यास्मां चालाव नही, अक्का," ते म्हणाले. "तिना पोटमां इंजिन नही, म्हनीसन देव तिले वढस. जी गाडी सोताना पायवर चालस, तिले देव कसाले वढी?"

मी विचारलं की हे नानांना ठाऊक आहे का. आबा म्हणाले, पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे, आणि झुलाललाही.

मी गिरणी बंद केली. आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं दळण अर्धं ठेवून मी उठले, आणि ते नेमकं भगताचं होतं. म्हणजे शिलाई मशीनचा आवाज खोटा. पितृपक्ष खोटा. टॅक्सीत कोण कोण बसलं ते खोटं. आणि झुलालभाऊंना काळजी माझ्या माहेराची नव्हती, आपल्या गेलेल्या बाराव्या मानाची होती. इंजिन निवडायचं नाही म्हणूनच हा माणूस इतकी वर्षं इंजिन निवडत होता, आणि मी इकडे माहेरच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. वहिनी वाट पाहून मरून गेली. माझे गुडघे गेले. गाडीचं सीट इतकं खाली आहे की मला आता तिच्यात बसताच येत नाही. मी घरी येऊन यजमानांना विचारलं, आणि सौम्य शब्दांत विचारलं असं मी म्हणणार नाही.

ते पडवीत जाऊन गाडीवर हात फिरवून आले. मग म्हणाले, "लाईट गयी का बठ्ठं गाव मले शिव्या दे. पानी पडे, वारा सुटे, मी खंबावर, आनि खाले लोके मन्हा नावनी बोंब मारेत. वरीसमां एक दिन तेच लोके मन्ही गाडीना पाया पडतस. तो दिन बी दी टाकू का?"

मी त्या खांबांवर चढलेल्या माणसाची बायको आहे. लाईट गेली की लोक आमच्या दारावर दगड मारून जायचे, ते मी पाहिलं आहे. पण मला माझं माहेरही हवं होतं. त्या दिवशी आम्ही दोघं जेवलो नाही, आणि यंदाच्या आखाजीला मी हळदकुंकू लावायला गेले नाही.

सबब, गाडीची व्यवस्था मी खालीलप्रमाणे करते.

गाडी यजमानांना. इंजिन अँबेसिडरचंच. त्यात बदल करण्याचा अधिकार यजमान, ललित, जावई किंवा झुलालभाऊ यांपैकी कोणालाही नाही. माझ्या मृत्यूनंतर दिवसकार्य आटोपल्यावर पुना मिस्त्रींनी ते इंजिन बसवावं, ललितने परिवहन कार्यालयात त्याचा नंबर चढवून घ्यावा, आणि यजमानांनी गाडी लळिंगच्या चढावरून माझ्या माहेरी नेऊन, माझ्या भावाच्या दारात उभी करून, हॉर्न वाजवावा. हॉर्न चांगला वाजवावा. वहिनी वर जिथे असेल तिथे ऐकू गेला पाहिजे.

कलम चौथ्याची पुरवणी, आजच लिहिलेली

मी वरचं कलम लिहीत होते तेव्हा यजमान ओट्याच्या दुसऱ्या टोकाला शेंगा फोडत बसले होते. त्यांनी वाचून दाखव म्हटलं. मी वाचून दाखवलं. शेंगा फोडायचा आवाज थांबला.

"गाडीमां दोनच शीट शेतस," ते म्हणाले. "तू गयी ते दुसरा शीटवर मी कोनले बसाडू?"

मी म्हटलं, माझा फोटो ठेवा.

"फोटूले वारा लागस का?"

मग ते उठले, टरफलं झटकली आणि पुना मिस्त्रींना फोन लावला. माझे कान गेले असले तरी हे मी नीट ऐकलं. इंजिन घेऊन उद्याच ये, असं त्यांनी सांगितलं. मिस्त्रींनी कोणतं म्हणून विचारलं असावं, कारण यजमान थोडे थांबले, आणि मग या संसारात पहिल्यांदा एका इंजिनाचं नाव घेऊन म्हणाले, तेच, गोणपाटाखालचं. पलीकडे मिस्त्रींची मंडळी कुरडयांचं काय म्हणून ओरडत होती, तेही ऐकू आलं. फोन ठेवून यजमान पडवीत गेले आणि गाडीच्या दिव्यावरचा आखाजीचा सुकलेला हार काढून गाईपुढे टाकला. मला रडू आलं. ते मी कागदावर पडू दिलं नाही, कारण खाडाखोड झाली तर पारस म्हणतो शेजारी सही लागते.

तरी एक खाडाखोड करावीच लागली. वरच्या कलमातले "माझ्या मृत्यूनंतर दिवसकार्य आटोपल्यावर" हे शब्द मी खोडले आहेत. खोडल्याच्या शेजारी सही केली आहे.

कलम पाचवे : आखाजी

हे कलम मी यजमानांना मुद्दाम आधी वाचून दाखवलं नव्हतं. ते फोन करून आल्यावर वाचलं.

आमचं भांडण झाल्यावर मी गप्प बसले नव्हते. लोटनआबांचं राहिलेलं दळण मी स्वतः त्यांच्या घरी पोचवलं, लंगडत पोचवलं, आणि त्यांना विचारलं. आबा, तुमचं म्हणणं की पोटात इंजिन असलेली गाडी देव ओढत नाही. आमच्या गिरणीचा दगड टाकी लावायला आम्ही बाहेर काढतो, तेव्हा गिरणी दळते का? नाही. तेव्हा ती नुसतं खोकं असते. तसं आखाजीच्या आदल्या दिवशी इंजिन बाहेर काढून ठेवलं, तर चालेल का देवाला? आबांनी डोळे मिटले. अंगात येतं की काय असं मला वाटलं. पण ते फक्त विचार करत होते.

"इंजिन घर, गाडी दार," आबा म्हणाले. "मंग देवले काय तरास?"

पुना मिस्त्रींना मी फोनवर विचारलं की बसवलेलं इंजिन काढायला आणि परत घालायला जमेल का. जमेल म्हणाले. दर वर्षी, मी म्हटलं. ते म्हणाले, काकू, दर वर्षी चांगलं चालणारं इंजिन काढायचं म्हणजे डोकं फिरल्यासारखं आहे. मी म्हटलं, पोळ्याला तुम्ही बैलाला औताला जुंपता का? बैल चांगला चालतो म्हणूनच ना त्याला त्या दिवशी सुट्टी? यावर ते, साखळी-पुली माझी मी आणीन, म्हणाले.

सबब, दर आखाजीच्या आदल्या दिवशी इंजिन काढून घरात पाटावर ठेवावं, त्याला हळदकुंकू लावावं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवावा, पण तो त्याच्यात घालू नये. गाडी बारागाड्यांत शेवटची लावावी. दुसऱ्या दिवशी इंजिन परत बसवावं. बाराव्या गाडीचा मान यजमानांचा आणि त्यांच्यानंतर दिपमालाचा, कारण ललित पुण्याहून वेळेवर पोचत नाही. झुलालभाऊंना मी काही देत नाही. अकरावी गाडी त्यांची आहे, तेवढी पुरे.

हे ऐकल्यावर यजमानांनी कागद माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा वाचला. मग म्हणाले, हे आधी सांगितलं असतंस तर. मी म्हटलं, आधी सांगितलं असतं तर तुम्ही फोन मानासाठी केला की माझ्यासाठी, हे मला कधीच कळलं नसतं. ते पुन्हा शेंगा फोडायला बसले. यावेळी सोललेले दाणे माझ्या ताटलीत टाकत होते.

कलम सहावे आणि शेवटचे : डाव्या बाजूचं सीट

माझी स्थावर आणि जंगम मिळकत मी वर सर्वांना वाटून दिली आहे. एक वस्तू मी मुद्दाम ठेवून घेतली आहे. गाडीचं डाव्या बाजूचं सीट मी कोणालाही देत नाही. यजमानांना देत नाही, मुलांना देत नाही, माझ्या फोटोलाही देत नाही. ते मला स्वतःला वापरायचं आहे. डॉक्टरांनी गुडघे वाकतील असं सांगितलं आहे. न वाकले तर ज्या सीटमध्ये मला बसता येत नाही ते उंच करून घेण्यात यावं. त्यासाठी पुना मिस्त्रींना नवा फोन करावा लागेल आणि तो यजमानांनी मुकाट्याने करावा.

हे मृत्युपत्र मी वाचून, वाचून दाखवून, आणि ऐकणाऱ्याचं तोंड पाहून समजून-उमजून केलं आहे. याआधी मी दुसरं कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. यापुढे करायला वेळ मिळेल असं वाटत नाही, कारण मला बाहेर जायचं आहे.

लिहून देणार : यशोदाबाई ज्ञानेश्वर बोरसे (सही)

साक्षीदार
१. पारस महावीर जैन, मेडिकल दुकानदार, धरणगाव (सही)
२. लोटन भगत, राहणार पिंपळसोंड (सही. आबा म्हणतात अंगठा नको, मी शिकलेला आहे.)

कुंदाबाईंची सही घेतलेली नाही. त्या काटा घेऊन गेल्या.

ठिकाण : पिंपळसोंड, आमचा ओटा
दिनांक : शुक्रवार, ९ मे २०२५

ज्ञानेश्वर बोरसे (सही)
पारस नको म्हणत असताना यजमानांनी ही सही केली आहे. साक्षीदार म्हणून नव्हे, ड्रायव्हर म्हणून.